सात आठे

"चार ताटं घे वं, मयुरा," शोभाताई म्हणाल्या आणि तव्यावर पोळी टाकली.

मयुराने मांडणीवरून एक ताट काढलं आणि पुटपुटली, "बाबा." दुसरं काढलं. "सर." तिसरं. "आत्या." चौथं क्षणभर हातात धरून ठेवलं, मग म्हणाली, "मी." चारही ताटं छातीशी धरून ती बाहेरच्या खोलीत गेली.

तव्यावरची पोळी फुगली, फुटली आणि करपायला लागली, तरी शोभाताईंचा हात हलला नाही. ताटं अशी नावं घेऊन मोजायची रीत त्यांच्या माहितीत एकाच माणसाची होती, आणि ते माणूस आत्ता हातात चिमटा धरून पोळी जाळत उभं होतं.

कुकरची शिट्टी झाली. ओट्यावर डाव्या बाजूला तीन चमचे मांडलेले होते. त्यातला एक शोभाताईंनी उजवीकडे सरकवला. एका शिट्टीला एक चमचा. डावीकडचे संपले की गॅस बंद. लग्न झाल्यापासून या घरातलं वरण असंच शिजत आलं होतं आणि आजवर कधी कच्चं राहिलं नव्हतं. मयुरा पाण्याचा तांब्या न्यायला आत आली, तेव्हा दुसरी शिट्टी झाली आणि दुसरा चमचा सरकला. तिने चमच्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता तांब्या उचलून गेली. न विचारणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा कळलेलं असतं, एवढं शोभाताईंना कळत होतं.

बाहेर गोपाळराव आणि मारोतराव जेवायला बसले होते. मारोतराव म्हणजे शोभाताईंचा धाकटा भाऊ. कामठीला पॉवरलूमवर होता. आज तो आपल्या पोरीला बहिणीकडे सोडायला आला होता. मयुरा यंदा दहावीत जाणार होती, आणि घरचे भाऊजी नागपुरात दहावीचं गणित शिकवत असताना पोरगी दुसरीकडे कशाला पाठवायची, असा त्याचा सरळ विचार होता.

गोपाळरावांना मानेवाड्यातला लहानथोर 'सर' म्हणत असे. बायकोही 'सर'च म्हणे. घराच्या गच्चीवर पत्रे टाकून त्यांनी 'काटकोन क्लासेस' काढले, तेव्हा पोरांसमोर 'अहो' बरं दिसत नाही असं घरात ठरलं होतं. म्हणजे त्यांनी ठरवलं होतं. सरांची एक सवय होती. माणसाची ओळख करून देताना ते त्याचे दहावीचे गणिताचे मार्क सांगत. "हे आमचे साडू, बँकेत आहेत, अठ्ठावन्न." "हा समोरचा प्लंबर. एकसष्ट, पण नळ गळतोच." भाजीवाल्यालाही त्यांनी एकदा विचारून घेतलं होतं, आणि तो बहात्तर निघाल्यापासून त्याच्याशी घासाघीस करणं सोडून दिलं होतं. बायकोचे मार्क मात्र ते सांगत नसत. नुसते हसत, आणि समोरच्याने काय ते समजून घ्यावं.

"बारा नव्वे?" तोंडात घास असतानाच सरांनी मयुराला विचारलं.

मयुराने ताटातल्या भाजीत बोट फिरवलं.

"तुले विचारून राहिलो."

"सांग ना वं," मारोतराव म्हणाला. "काल घरी म्हटला ना तू पाढा. येते भाऊजी तिले."

"पाढा पोपट बी म्हणते. मी पाढा नाही विचारला. मधातलं विचारलं." वर्गात सर पुस्तकी मराठी बोलत. घरात, त्यातून चिडले असले की, त्यांच्या तोंडून नागपूरच बोले. "बोल. बारा नव्वे?"

"नव्वद," मयुरा म्हणाली.

"वा! अजून?"

"एकशे... नाही. ब्याण्णव?"

माल सदोष निघाल्यावर गिऱ्हाईक दुकानदाराकडे पाहतं, तसं सरांनी मारोतरावाकडे पाहिलं. मारोतरावाने मान खाली घातली, आणि खाली घातलेल्या मानेनेच म्हणाला, "भाऊजी, शाळेतल्या मॅडम म्हणत होत्या, अशा पोरायची तपासणी राहते म्हणे. सरकारी दवाखान्यात. त्याचा कागद भेटला का दहावीले गणित सोपं घेता येते. खालच्या वर्गाचं. पोरगी बाकी विषयात चांगली आहे हो. गोष्ट एकदा सांगितली का पक्की ध्यानात ठेवते. फक्त आकडेच..."

"कागद?" सरांनी हातातला घास ताटात ठेवला. "गणित शिकवणाऱ्याच्या घरची पोरगी, आन डोकं नाही म्हणून कागद घेऊन फिरन? लोक मले काय म्हणतीन? मारोतराव, डोकं म्हणजे गणित. बाकी सारं पाठांतर आहे. पोट्टी आळशी आहे, दुसरं काही नाही. नाही तं मंग..." त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "नाही तं मंग घराण्यातच आहे तुमच्या."

मारोतराव हसला. भाऊजी विनोद करतात तेव्हा हसायचं असतं, म्हणून हसला. आतमध्ये तिसरी शिट्टी झाली आणि तिसरा चमचा सरकला.

"भाऊजी म्हणतीन तसं," मारोतराव म्हणाला.

आता 'घराण्यातच आहे' हे काय होतं, ते सांगायला हवं.

क्लास सुरू झाल्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात, नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी, शोभाताई पोरांसाठी पाण्याचे ग्लास घेऊन गच्चीवर गेल्या होत्या. एक पोरगा फळ्यापाशी अडून उभा होता. सरांचा पारा चढला होता. ते म्हणाले, "अरे, हे तर आमच्या काकूंनाही येईल. काय हो, सात आठे किती?" हेतू पोराला लाजवायचा होता. बायको बरोबर सांगेल, याविषयी त्यांना शंकाही नव्हती. तोवर लग्नाला फार दिवस झाले नव्हते.

सगळे डोळे वळले आणि शोभाताईंच्या डोक्यातले होते नव्हते ते आकडे पाखरांसारखे उडून गेले. एकच जवळ घुटमळत होता, तो त्यांनी पकडला. "चौसष्ट."

वर्ग असा फुटला की पत्रे दणाणले. सर आधी लाल झाले. मग त्यांनी पोरांचे चेहरे पाहिले. आत येताना भेदरलेली पोरं आता एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. सर हुशार माणूस. पडलेली वस्तू कामाची आहे हे त्यांच्या लगेच लक्षात आलं, आणि त्यांनी ती उचलली. "पाहा," ते फळ्याकडे वळून म्हणाले, "गणित नसलं की माणसाचं काय होतं. माणूस पाण्याचे ग्लास उचलत राहतो."

पुढल्या वर्षी त्यांनी स्वतःच हाक मारली. "काकू, या जरा वर!" त्याच्या पुढल्या वर्षी मोठ्या भावंडांकडून ऐकून आलेली पोरं हाकेची वाटच पाहत होती. दुसऱ्या क्लासांत पहिल्या दिवशी नारळ फुटे, काटकोनमध्ये काकू फुटत. दर वर्षी चुकल्यावर सगळा वर्ग एका सुरात "छप्पन्न" असा ओरडे, त्यामुळे सात आठे छप्पन्न, एवढं एक शोभाताईंना कायमचं येऊन गेलं होतं. गणितातली त्यांना खात्रीने येणारी ती एकमेव गोष्ट, आणि नेमकी तीच सांगायची नाही असा घरचा कायदा.

बाकी खरंच येत नव्हतं. इथे कुणी गैरसमज करून घेऊ नये. घड्याळ त्या काट्यांच्या आकारावरून ओळखत, फोन बोटांच्या वळणावरून लावत. मुलगा केयूर लहान असताना तापाचं औषध दर सहा तासांनी द्यायचं होतं, तेव्हा दर वेळी शेजारणीला विचारून येत. तोच केयूर मोठा होऊन बापाच्या बॅचला बसला. त्या वर्षी आईने चौसष्ट म्हटलं तेव्हा तो हसला नाही, वहीत मान घालून उगाच काहीतरी लिहीत राहिला. आता पुण्याला मोठ्या कंपनीत आहे, आणि फोनवर आईशी सावकाश, एकेक शब्द सोडवून बोलतो. जुने विद्यार्थी भेटले की सरांच्या पाया पडतात आणि आपल्या बायकोला सांगतात, "ह्या आपल्या सात आठेवाल्या काकू." त्यांतला एक डॉक्टर झाला आहे. नागपुरातच सदर भागात दवाखाना आहे. गुडघे दाखवायला गेल्या, तेव्हा चिठ्ठी लिहून तो म्हणाला, "दिवसातून दोनदा घ्यायची, काकू. दोनदा म्हणजे किती, सांगा पाहू?" आणि कंपाउंडरसकट हसला.

आपण मूर्ख आहोत की नाही, हा प्रश्न शोभाताईंनी बरीच वर्षं उघडा ठेवला होता. मूर्ख असतो, तर जिन्याखाली काढलेल्या चपलांवरून कुठलं पोरगं दिवाळीला क्लास सोडणार ते आपल्याला कसं कळलं असतं? सर दर वर्षी विचारत, "तो खिडकीजवळचा टिकंन का?" त्या सांगत, "बापाच्या धाकानं येते तो. धाक उतरला का जाईन." आणि तसं होई. सर याला डोकं म्हणत नसत, भोचकपणा म्हणत.

मग कोरोना आला आणि क्लास मोबाइलवर गेला. सरांनी तिथेही काकूंना पडद्यासमोर उभं करून पाहिलं. पोरं हसली असतीलही, पण सगळ्यांचे माइक सरांनीच बंद करून ठेवले होते. त्या शांततेत चौसष्ट म्हटल्यावर शोभाताईंना पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकू आला. क्लास परत गच्चीवर गेला तेव्हा त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. खरेच दुखत होते, पण जिना चढता येणार नाही इतके नाही. तो हिशेब त्यांनी कुणाला सांगितला नाही. तेव्हापासून सर काकूंची गोष्ट काकूंशिवाय सांगत. मटण न घालता नुसती तर्री वाढल्यासारखं ते व्हायचं.

मारोतराव ऊन उतरल्यावर निघाला. त्याला बसपर्यंत पोचवायला आणि कंपासपेटी आणायला मयुरा त्याच्याबरोबर चौकात गेली. सर अंगणात गच्चीवरच्या कूलरच्या जाळ्या धुऊन त्यांत नवा वाळा भरत बसले होते. उद्या सकाळी नवी बॅच सुरू होणार होती. शोभाताई पायरीवर बसून गवार मोडत होत्या.

"उद्या मयुरेले उभी करतो," सर म्हणाले.

"काहून?"

"काहून म्हणजे? तुझे तं गुडघे दुखते. घरचंच उदाहरण असलं का पोट्ट्यायले लवकर समजते. पहिल्या बाकावर बसवतो, आन विचारतो सात आठे. येत नाही तिले. जेवताना पाहून घेतलं मी."

शोभाताईंच्या हातातली शेंग मोडायची राहिली. "लेकरू आहे ते."

"घोडी आहे पंधरा वर्षाची. चार लोकं हासले का लागंन अभ्यासाले."

"माह्यावर एवढे वर्षं हासले. मी लागली का अभ्यासाले?"

"तुझी गोष्ट सोड. तुझ्यात होतंच काय?"

हे ते रागाने म्हणाले नव्हते. वाळ्याची जुडी जाळीत नीट बसते का, हे पाहता पाहता म्हणाले होते. शोभाताईंनी शेंगेकडे पाहिलं, मग सरांकडे. त्यांनी माणसाकडे पाहायला सुरुवात केली, की त्यांना आकडे लागत नसत.

चौकात काचेच्या इमारतीत बाहेरच्या कंपनीचा एक क्लास आला होता. थंडगार, प्रत्येक पोराला बॅग आणि टी-शर्ट. मागच्या वर्षी काटकोनचे मागचे बाक रिकामे गेले होते. उद्या पहिला दिवस, म्हणजे आईबाप जिन्यात उभे राहून ऐकणार. वरून हसण्याचा आवाज आला तर नाव घालणार, फक्त सरांचा आवाज आला तर चौकात जाणार. सरांना हसू पाहिजे होतं. रडवेल्या पोरीकडून ते मिळणार नाही, तिच्याकडे पाहून निम्मी पोरं गप्प बसतील, हे सरांना दिसत नव्हतं. शोभाताईंना दिसत होतं. सरांना हवा असलेला माल एकाच ठिकाणी होता.

"मी येतो उद्या वर," त्या म्हणाल्या.

सरांचे हात थांबले. "आन गुडघे?"

"गुडघे माहे आहेत. माहं मी पाहीन."

सर हुशार माणूस, हे आधी सांगितलंच. त्यांनी वाळा बाजूला ठेवला. "काय पाहिजे?"

"पोरगी उभी करायची नाही. उद्या नाही, परवा नाही, वर्षभर नाही. आन मारोतरावले सांगा, तपासणी करून घे म्हणा."

"ते कागदाचं? डोकं फिरलं का तुझं? माझ्या घरात..."

"तुमच्या घरात नाही. त्याची पोरगी आहे, त्याच्या घरचा कागद. तो तुमचंच ऐकते. माझं कोन ऐकते?"

"बरं. उद्या क्लास झाला का लावतो फोन."

"आत्ता लावा."

"काहून? भरवसा नाही?"

"नाही," शोभाताई म्हणाल्या. घरात मीठ संपलंय हे सांगावं, तशा आवाजात.

सरांनी जाळी भिंतीला टेकवून ठेवली. मग ओले हात बनियनला पुसून फोन लावला. शोभाताईंनी बोटाने खूण केली, तसा आवाज मोठा केला. मारोतराव बसमध्येच होता. मागे कंडक्टर ओरडत होता.

"मारोतराव, ते तपासणीचं म्हणत होते ना तुम्ही. करून घ्या. हाव. मी विचार केला. करून घ्या या आठवड्यात."

"तुम्ही म्हणान तसं, भाऊजी."

"घराण्यातच आहे तुमच्या. दोन कागद द्या म्हणा, एक तुमच्या बहिणीच्या नावानं."

फोनमधून मारोतरावाचं हसू आलं आणि बसच्या हॉर्नमध्ये बुडालं. सरांनी फोन खाली ठेवला. "झालं?"

"झालं," शोभाताई म्हणाल्या आणि शेंग मोडली.

सकाळी गच्चीवर ऊन यायच्या आत पोरं जमली. जिन्यात आईबाप होते. शोभाताई पाण्याचा ट्रे घेऊन एकेक पायरी चढत होत्या, तेव्हा एका बाईने बाजूला सरून वाट दिली आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "ह्याच."

कूलर घरघरत होता. नव्या वाळ्याचा वास सुटला होता. मागचे दोन बाक रिकामे होते आणि मयुरा पहिल्या बाकावर होती. तिच्याशेजारी रितिका नावाची, दोन वेण्या घातलेली एक चुणचुणीत पोरगी बसली होती. मयुरा तिच्याकडे थोडी सरकून बसली होती. गावाहून आलेली पोरगी शहरातल्या पोरीकडे सरकते, तशी.

"आणि ह्या आमच्या काकू," सर वर्गातल्या मराठीत म्हणाले. त्यांचा आवाज उजळला होता. "काटकोनचं दैवत. काकू, आलाच आहात तर एक सांगून जा. सात आठे किती?"

शोभाताईंनी ट्रे टेबलावर ठेवला. छप्पन्न. जिभेच्या टोकावर होतं. कुठेही उडून गेलं नव्हतं, निवांत बसलं होतं. म्हणून टाकलं तर काय होईल, हा विचार येऊन गेला. सर संध्याकाळच्या आत कामठीला दुसरा फोन लावतील. दुसरं काय होणार?

"चौसष्ट," त्या म्हणाल्या.

पोरं हसली, पण चौसष्ट हे उत्तर वापरून वापरून गुळगुळीत झालं होतं. कित्येकांना ते घरूनच माहीत होतं. हसू मागच्या बाकांपर्यंत पोचायच्या आतच विरलं. सरांनी ते ओळखलं. "बरं," ते म्हणाले, "मग काकूंना बरोबर उत्तर कोण सांगेल?"

हात वर झाले. सरांची नजर त्या हातांवरून न थांबता फिरली आणि जिथे हात वर नव्हता तिथे येऊन थांबली. पहिल्या बाकावर. ठरलं होतं ते 'उभी करायची नाही' एवढंच, आणि बसल्या जागी विचारणं म्हणजे उभी करणं नव्हे, असा त्यांचा हिशेब असावा. खडू धरलेलं बोट मयुराकडे वळायला लागलं. मयुराने बाकाची कड घट्ट धरली.

"थांबा ना सर!" शोभाताई मोठ्यांदा म्हणाल्या.

सर चमकले. इतक्या वर्षांत काकूंनी एका शब्दापलीकडे कधी काही म्हटलं नव्हतं.

"चुकलं वाटते माझं. त्रेसष्ट?" त्या वर्गाकडे वळल्या. "नाही? मंग वाढवू का कमी करू?"

"वाढवा काकू!" मागून एक पोरगा ओरडला.

"सत्तर!"

"कमी करा, कमी करा!"

"बेचाळीस! एवढं कमी चालते का? नाही? तुमीच तं म्हटलं गा कमी कर!"

आता पत्रे दणाणले. जिन्यातले आईबाप वर डोकावायला लागले. शोभाताईंनी पदर खोचला, जणू काही मोठा सौदा चालला होता. "सत्तावन्न!" त्या म्हणाल्या, आणि पोरं बाकांवर उभी राहून किंचाळायला लागली, "जवळ! जवळ आलं काकू!" सत्तावन्न हा छप्पन्नचा शेजारी आहे, हे त्यांना त्या ओरडण्यावरूनच कळलं. तशा त्या लगेच लांब पळाल्या. "ऐंशी!" कुणी पोट धरलं, कुणाच्या डोळ्यांतून पाणी आलं. सरांचं बोट केव्हाच खाली आलं होतं. ते हात बांधून हसत होते, ज्याच्या दुकानात आज गर्दी झाली आहे अशा माणसासारखे.

त्या सगळ्या हसण्यात एक हसू वेगळं होतं. चिरकं, बाकीच्यांच्या वर चढलेलं. शोभाताईंनी वळून पाहिलं. मयुरा बाकावर हात आपटून हसत होती आणि रितिकाला, आणि रितिकाच्या पलीकडच्यांना, आणि मागच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगत होती, "माझी आत्या आहे ते! काहीच नाही येत तिले! कुकरच्या शिट्ट्या बी मोजता नाही येत! चमचे सरकवते, चमचे!"

"चमचे?" सरांनी उचललं. "काकू, हे आम्हालाही माहीत नव्हतं!"

वर्ग पुन्हा फुटला.

मग सरांनी हात वर केला, नेहमीप्रमाणे, आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "छप्पन्न!" मयुराचे ओठही हलले. बाकीच्यांपेक्षा किंचित उशिरा.

शोभाताईंनी रिकामा ट्रे उचलला आणि जिना उतरायला लागल्या. आईबापांनी वाट दिली. दुखायचं ते दुखलं. त्यांनी ते गुडघ्यांच्या नावावर टाकलं. पोरीला सौदा माहीत नव्हता, आणि माहीत नसताना तिने जे केलं ते बघून त्यांना राग यायला हवा होता. तो आलाही. पण वर्गात हसणारे आणि ज्यांना हसतात ते, अशा दोनच रांगा असतात, हे पोरीने बसल्या बसल्या ओळखलं, आणि आपल्याजवळ होती नव्हती ती एकच वस्तू मोजून पहिल्या रांगेत जागा घेतली. त्या वयात शोभाताईंना हे सुचलं नव्हतं. पोरगी मूर्ख नव्हती. कागदावर दवाखान्यातले लोक काहीही लिहोत.

क्लास सुटल्यावर सर खाली आले ते गुणगुणतच. "रंगलं आज! पाच जणं नाव घालून गेले. ते वाढवू का कमी करू, ते मस्तच होतं. संध्याकाळच्या बॅचले बी येशीन ना?"

"त्याचा भाव वेगळा," शोभाताई म्हणाल्या.

सर हसले. विनोद झाला असं त्यांना वाटलं. शोभाताई हसल्या नाहीत, पण तोवर सर पेपर घेऊन कूलरसमोर जाऊन बसले होते.

मयुरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही, गेलीही नाही. शोभाताई नळाखाली ग्लास विसळत होत्या. ओट्यावर कुकर चढवला होता आणि डावीकडे चमचे मांडलेले होते.

"आत्या," ती शेवटी म्हणाली, "तुले खरंच नाही येत?"

"नाही."

"मंग काहून गेली वर? कोनी जबरदस्ती केली का?" तिचा आवाज चढला. गुन्हा आपला असला की समोरच्यावर चढतो, तसा. "लाज नाही वाटत? सारे हासून राहिले होते."

"तू बी हासली."

"मंग काय करू? सारे हासून राहिले होते!"

"हाव," शोभाताई म्हणाल्या. "बरं केलं."

मयुरा आत आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि बोटाने ओढणीचं टोक गुंडाळत, सोडत राहिली.

"बाबाचा फोन होता," ती म्हणाली. "दवाखान्यात जायचं म्हणे या आठवड्यात. सरच म्हणाले म्हणे तसं. सर वाटतात तेवढे वाईट नाही ना, आत्या?"

नळाचं पाणी चालू होतं. शोभाताईंनी एक ग्लास पालथा घातला, दुसरा घेतला.

"हाव," त्या म्हणाल्या.

कुकरची शिट्टी झाली. शोभाताईंचे दोन्ही हात साबणाने भरलेले होते आणि पाठ ओट्याकडे होती. त्यांनी वळून पाहिलं नाही. मागे क्षणभर काहीच झालं नाही. मग दगडावर चमचा सरकल्याचा तो बारीक, खरखरता आवाज आला. तो आवाज या घरात त्यांच्याच हाताखालून येत आला होता. त्यांनी नळ थोडा कमी केला आणि दुसऱ्या शिट्टीची वाट पाहत उभ्या राहिल्या.